साहेबांना चालेल का?

बातमी तयार असते. दोन्ही बाजूंशी बोलून झालेलं असतं, कागद तपासलेले असतात, फोटो पानावर बसलेला असतो. डाक आवृत्ती सुटायला थोडाच वेळ उरलेला असतो आणि डेस्कवरचं कुणीतरी विचारतं, "साहेबांना चालेल का?" साहेब घरी असतात. त्यांनी ही बातमी पाहिलेली नाही, रोखा असंही सांगितलेलं नाही. तरी मथळ्यातलं नाव गळतं. पहिल्या पानावरची बातमी सातव्यावर जाते, तीन कॉलमची एक कॉलम होते. सकाळी साहेब पेपर उघडतात तेव्हा त्यांना काही खटकत नाही, कारण खटकण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

माध्यमसंस्थेची संस्कृती म्हणतात ती इथे घडते. ध्येयधोरणाचा कागद, प्रवेशद्वारातली पाटी, उद्घाटनाचं भाषण या सगळ्यांहून हा एक प्रश्न जास्त कामाचा असतो. आणि हा प्रश्न संस्थापकाच्या स्वभावातून येतो. संस्थापकाची तत्त्वं फ्रेममध्ये जातात; त्याची भीती कामाला लागते. तो कशाला घाबरला, कुणापुढे नमला, कुणाला घरी पाठवलं, हे हाताखालची माणसं बघून ठेवतात. पुढच्यांना तेच शिकवतात.

मराठीत हे सांगायचं तर टिळक-आगरकरांपासून सुरुवात होते. 'केसरी' १८८१ मध्ये निघाला, आगरकर त्याचे पहिले संपादक. सामाजिक सुधारणेवरून सहकाऱ्यांशी जमेना, १८८७ मध्ये ते बाजूला झाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. पत्र त्याच्या कर्त्याच्या स्वभावावर कसं जातं, हे आपल्याकडे तेव्हाच दिसलं. पण या भांडणाच्या वाटण्या आपण आधीच करून बसलो आहोत. कुणी टिळकांचा, कुणी आगरकरांचा, आणि मूळ मुद्दा बाजूला. म्हणून आज लांबचं उदाहरण घेतो. आपलं कुणी नातं सांगणार नाही आणि तरी आपल्या घरातल्या रेडिओपर्यंत पोचलेलं: बीबीसी आणि जॉन रीथ.

बीबीसी कुणी काढली? काटेकोरपणे सांगायचं तर रेडिओसंच बनवणाऱ्या कंपन्यांनी, १९२२ मध्ये. संच विकायचे तर हवेत काहीतरी ऐकू यायला हवं, एवढा साधा हिशेब. त्या कंपनीला जनरल मॅनेजर हवा होता आणि जाहिरात बघून तेहतीस वर्षांच्या रीथ यांनी अर्ज केला. ब्रॉडकास्टिंग म्हणजे काय हे आपल्याला तेव्हा ठाऊकही नव्हतं, असं त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. ते कामावर आले तेव्हा संस्थेत जेमतेम चार माणसं होती. त्यामुळे कागदावर संस्थापक कुणीही असो, घडवणारे तेच.

माणूस कसा होता? स्कॉटलंडमधल्या पाद्र्याचा मुलगा, शिक्षणानं इंजिनिअर. उंची साडेसहा फूट. पहिल्या महायुद्धात गालातून गोळी गेलेली, तिचा व्रण जन्मभर चेहऱ्यावर. रविवार पाळणारा, देव मानणारा, आपण मोठ्या कामासाठी जन्मलो आहोत याची खात्री असणारा. प्रचंड कामसू आणि तितकाच रागीट. डायरीत रोज लिहायचा, आणि त्या डायऱ्या वाचल्या की कळतं की जगातली बहुतेक माणसं त्याला नालायक वाटत होती.

अशा माणसाच्या हाती एक नवं कोरं यंत्र आलं आणि त्यानं विचारलं, हे कशासाठी वापरायचं? मालक म्हणत होते, संच विकायला. रीथ म्हणाले, माणसं घडवायला. माहिती द्यायची, शिक्षण द्यायचं, रंजन करायचं, आणि तेही याच क्रमानं. जाहिराती नाहीत. खर्च श्रोत्यांच्या वर्षाला दहा शिलिंगांच्या परवान्यातून. लंडनमधल्या उमरावाला ऐकू येतं तेच वेल्समधल्या खाणकामगाराला ऐकू आलं पाहिजे, पहिल्या वर्गाचे श्रोते वेगळे आणि तिसऱ्या वर्गाचे वेगळे असं नाही. ज्या कंपनीनं नोकरी दिली तीच विसर्जित करून सार्वजनिक महामंडळ व्हावं, यासाठी ते झगडले आणि १ जानेवारी १९२७ ला ते झालंही. विक्रीच्या दुकानाची विद्यापीठासारखी संस्था करून दाखवणारा हा हट्ट मला थोर वाटतो. हे आधी सांगतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते याच हट्टातून निघालेलं आहे.

लोकांना काय हवं ते लोकांना कळत नाही, असं रीथ मनापासून मानत. १९२४ मध्ये पुस्तक लिहून त्यांनी ते मांडलंही. मग उच्चार कसे असावेत यासाठी समिती नेमली गेली, राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष. निवेदकांची नावं सांगायची नाहीत, कारण आवाज माणसाचा नाही, संस्थेचा. ज्याला कुणी पाहणार नाही त्या निवेदकानं संध्याकाळी डिनर जॅकेट घालून माइकसमोर बसायचं. आणि रविवार देवाचा. त्या दिवशी नाचाचं संगीत नाही, विनोद नाही. प्रार्थना, प्रवचन, भारदस्त भाषणं. आठवडाभर राबून एक दिवस मोकळ्या झालेल्या कामगाराला हे ऐकायचं होतं का? नव्हतं. १९३३ मध्ये रेडिओ लक्झेंबर्ग सुरू झाला आणि रविवारी लाखो ब्रिटिश घरांतली सुई तिकडे सरकली. रीथ यांना हे दिसत होतं. त्यांनी रविवार बदलला नाही, फार तर थोडा सैल केला.

आता मे १९२६ कडे या. हे नऊ दिवस सावकाश बघायला हवेत.

खाणमालकांनी मजुरी कमी आणि तास जास्त केले, खाणकामगार अडून बसले, आणि त्यांच्या पाठीशी ब्रिटनभरच्या कामगार संघटना उभ्या राहिल्या. सार्वत्रिक संप. छापखान्यातले कामगारही संपात, त्यामुळे वृत्तपत्रं जवळपास बंद. एरवी वृत्तपत्रांच्या दबावामुळे बीबीसीला संध्याकाळी सातच्या आधी बातम्या देता येत नव्हत्या. ती बंदी गळून पडली आणि दिवसाला पाच बातमीपत्रं सुरू झाली. सगळा देश एका आवाजावर अवलंबून. रीथ यांनी काही बातमीपत्रं स्वतः वाचली.

चर्चिल तेव्हा अर्थमंत्री होते आणि सरकारचं संपकाळातलं पत्र चालवत होते. बीबीसी ताब्यात घ्या, असा त्यांचा आग्रह. पंतप्रधान बाल्डविन यांना घाई नव्हती. ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारकडे होताच, वापरायचा की नाही एवढंच बाकी होतं. आणि महामंडळाची सनद मिळायला काही महिने उरले होते. रीथ यांनी चार वर्षं ज्याच्यासाठी रक्त आटवलं ते सगळं या नऊ दिवसांत जाऊ शकत होतं.

कँटरबरीच्या आर्चबिशपनं चर्चच्या वतीनं एक आवाहन तयार केलं. संप मागे घ्या, सरकारनं खाणींना मदत चालू ठेवावी, मालकांनी नवे दर मागे घ्यावेत, आणि हे तिन्ही एकाच वेळी. यात भडकाऊ काय होतं? काही नाही. आर्चबिशपनं ते रेडिओवरून वाचायची इच्छा कळवली. सरकारनं लेखी मनाई केली नाही. आपल्याला हे आवडणार नाही, एवढं कानावर घातलं. रीथ यांनी नकार दिला. पाद्र्याच्या मुलानं आर्चबिशपला नकार दिला! आवाहन प्रसारित झालं ते ११ मे ला, संप संपायच्या आदल्या दिवशी, त्याचा काही उपयोग उरला नव्हता तेव्हा.

विरोधी पक्षनेते रॅम्से मॅकडोनाल्ड यांनीही वेळ मागितली. द्यावी असं रीथ यांना वाटत होतं. त्यांनी सरकारकडे विचारलं. नको, असं उत्तर आलं. रीथ थांबले. आणि बाल्डविन? ते ८ मे ला राष्ट्राला उद्देशून बोलले, रीथ यांच्या राहत्या घरातून. भाषणाच्या शेवटी आपण शांतताप्रिय माणूस आहोत, असं सांगणारं जे वळण होतं ते रीथ यांनीच सुचवलेलं.

बातमीपत्रांत संपवाल्यांची निवेदनं दिली जात होती, हे बीबीसीच्या बाजूनं नोंदवायलाच हवं. त्या काळात हेही थोडं नव्हतं. पण रीथ यांनी स्वतःशी जो युक्तिवाद केला तो असा: सरकार जनतेचं, बीबीसीही जनतेसाठी, म्हणून अशा प्रसंगी बीबीसी सरकारच्या बाजूची. आणि डायरीत तर स्पष्टच लिहून ठेवलं की आपण खरोखरीचे निःपक्षपाती राहणार नाही, हा भरवसा सरकारला आहे म्हणून त्यांनी ताबा घेतला नाही.

रीथ यांनी त्या वेळी दुसरं काय करायला हवं होतं, असा प्रश्न विचारला जातो. अडून बसले असते तर चर्चिल यांना हवं ते मिळालं असतं. मला हे पटतं. संस्था वाचवायची होती आणि त्यांनी ती वाचवली. पण संप १२ मे ला संपला. संकट गेलं. सरकारची मर्जी सरकारनं सांगायच्या आधी ओळखायची, ही रीत मात्र राहिली. कुणी आदेश दिला नाही म्हणून आपण स्वतंत्र, आणि आदेश द्यायची वेळच येऊ देत नाही म्हणून कुणी आदेश देत नाही! हे असं स्वातंत्र्य ज्या घरात एकदा रुळलं त्या घरात पुढच्या पिढ्या ते शहाणपण म्हणून शिकतात.

मग घरातल्या माणसांचं काय झालं ते बघा. पीटर एकर्सली हा बीबीसीचा पहिला मुख्य अभियंता. देशभर प्रक्षेपणाचं जाळं त्यानं उभं केलं. १९२९ मध्ये घटस्फोटाच्या प्रकरणात त्याचं नाव आलं आणि त्याला जावं लागलं. कामात खोट नव्हती. साहेबांच्या नीतीत तो बसत नव्हता.

हिल्डा मॅथेसनची गोष्ट मला जास्त लागते. रीथ यांनीच तिला हेरून आणलं आणि भाषण विभागाची पहिली संचालक केलं. १९२६ सालच्या लंडनमध्ये एका बाईला इतकं मोठं पद देणं ही रीथ यांची दृष्टी, तिला दाद द्यायला हवी. रेडिओवर व्याख्यान ठोकायचं नसतं, समोर एकच माणूस बसला आहे असं समजून त्याच्याशी बोलायचं असतं, हे तिनं वक्त्यांकडून घोटून घेतलं. शॉ आले, वेल्स आले, व्हर्जिनिया वूल्फ आली. आज जगात कुठेही कुणी माइकसमोर सहज बोलतं, त्यात या बाईचा वाटा आहे. १९३१ मध्ये हॅरॉल्ड निकल्सन नव्या साहित्यावर बोलणार होते. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'वर ब्रिटनमध्ये बंदी होती, आणि त्या पुस्तकाचं नावही घ्यायचं नाही, असा रीथ यांचा हट्ट. नव्या साहित्यावर बोलायचं आणि ते नाव टाळायचं? कुरबुरी आधीपासून होत्याच. साहेबांना तिचा विभाग फार डावा आणि फार शहाणा वाटू लागला होता. वर्ष संपता संपता मॅथेसननं राजीनामा दिला. साहेबांशी वाद घालू शकणारं माणूस गेलं आणि उरलेल्यांना जे कळायचं ते कळलं.

कळणं किती खोल गेलं, त्याचा पुरावा पन्नासएक वर्षांनी बाहेर आला. १९८५ मध्ये 'ऑब्झर्व्हर'नं छापलं की बीबीसीतल्या नेमणुका आणि बढत्यांच्या आधी गुप्तहेर खात्याकडून माणसांची चौकशी होते. ब्रॉडकास्टिंग हाउसमधल्या १०५ क्रमांकाच्या खोलीतून हे चाले आणि ज्याच्याबद्दल शंका असेल त्याच्या फाइलवर नाताळच्या झाडासारखं दिसणारं हिरवं चिन्ह उमटे. ज्याची फाइल त्याला पत्ता नाही. बढती का अडली हे त्याला कधी कळणार नाही. ही व्यवस्था सुरू झाली १९३० च्या दशकात, रीथ यांच्या अमदानीत. रीथ १९३८ मध्ये बीबीसीतून गेले. झाड आणखी जवळपास अर्धं शतक उभं होतं.

जाणंही त्यांना जमलं नाही. शेवटच्या रात्री ते ड्रॉइटविचच्या प्रक्षेपण केंद्रावर गेले, कार्यक्रम संपल्यावर यंत्र स्वतःच्या हातानं बंद केलं आणि भेटवहीत सही करताना नावापुढे 'माजी, बीबीसी' असं लिहिलं. पुढची तेहतीस वर्षं, १९७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, आपल्याशिवाय चाललेली ती संस्था बघत ते कुढत राहिले. मुलीनं त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आहे. घरातही ते बीबीसीतल्यासारखेच होते, असं ते वाचून वाटतं.

आता आपल्याकडे. १९३५ मध्ये भारत सरकारनं बीबीसीकडून एक माणूस मागून घेतला, लायनेल फील्डन. हा मॅथेसनच्या विभागात काम केलेला. रीथ यांचा धाक त्याला मुळीच आवडत नव्हता. १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव त्यानंच व्हाइसरॉयच्या गळी उतरवलं. साहेबाला वैतागलेला हा माणूस इथे येऊन स्वतः साहेब झाला आणि त्याच्या काळात ठरलं की हार्मोनियम भारतीय संगीताला घातक आहे. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीच्या स्टुडिओत पेटीला बंदी! मींड पेटीवर निघत नाही, तिचे स्वर बांधलेले असतात, हा युक्तिवाद खोटा नव्हता. नेहरू आणि रवींद्रनाथही पेटीच्या विरोधात होते. पण पेटीवादक गोविंदराव टेंबे यांच्या महाराष्ट्रात, जिथे पेटीशिवाय नाट्यपद उभं राहत नाही आणि देवळातलं भजनही होत नाही, तिथल्या रेडिओवर ती तीस वर्षं वाजू नये? दिल्लीतल्या चार जणांची रुची एका देशाचा नियम होते, ही रीथ यांच्या रविवारचीच पुढची आवृत्ती.

फील्डन गेला, इंग्रज गेले. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मूळचे पुण्याचे, पॅरिसला शिकलेले, शास्त्रीय संगीताचे खरे जाणकार. रीथ आणि केसकर एकमेकांना भेटले असते तर दोघांचं चांगलं जमलं असतं. सिनेसंगीतानं लोकांचा कान बिघडतो, असं केसकरांचं ठाम मत. त्यांनी सिनेगीतांचा वाटा कमी केला, गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं बंद केलं. निर्मात्यांनी गाणीच काढून घेतली. मग काय झालं? लक्झेंबर्ग झालं. ३ डिसेंबर १९५२ ला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठला देशभरातली सुई कोलंबोकडे सरकली. घराघरात, पानाच्या ठेल्यावर, इराण्याच्या हॉटेलात अमीन सयानी. आकाशवाणीला शहाणपण यायला पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली.

आणि तरीही केसकरांना मोडीत काढणाऱ्यांत मी नाही. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, रेडिओ संगीत संमेलन हे त्यांचंच. दरबार संपल्यावर रस्त्यावर येऊ घातलेल्या कितीतरी गवयांच्या घरची चूल आकाशवाणीच्या मानधनावर पेटली. संगीततज्ज्ञ रातंजनकरांच्या देखरेखीखाली आवाजचाचण्या सुरू झाल्या, त्यावर कलाकार रागावले, मोर्चेबांधणी झाली. आणि आजही गावच्या गणेशोत्सवाच्या पत्रिकेत गायकाच्या नावाखाली 'आकाशवाणी मान्यताप्राप्त' असं छापलेलं असतं. त्याच काळात, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे केंद्रावर सीताकांत लाड यांच्या पुढाकारानं गीतरामायण सुरू झालं. गदिमा आणि बाबूजी, वर्षभर, छप्पन गाणी. लोकप्रियतेच्या आकड्यांवर चालणाऱ्या कुठल्याही केंद्रानं हे धाडस केलं नसतं. कडक स्वभावाचा संस्थापक असली फळंही देतो. म्हणून तर त्याची चिकित्सा अवघड असते: फळ दाखवून मुळाविषयी बोलणाऱ्याला गप्प करता येतं.

मूळ कुठे गेलं ते ३१ ऑक्टोबर १९८४ ला दिसलं. इंदिरा गांधींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वाचल्या नाहीत, हे बीबीसी दुपारपासून सांगत होती. आकाशवाणीनं संध्याकाळी सहाला सांगितलं. दिवसभर देश परक्या केंद्राला कान लावून बसला. स्टुडिओतल्या माणसांना बातमी कळली नसेल? कळली असणार. वरून हिरवा कंदील आल्याशिवाय बोलायचं नाही, ही पिढ्यांची शिस्त होती. १९७६ मध्ये किशोरकुमारची गाणी बंद करण्यापर्यंत तिचा अभ्यास झालेला होता. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला, अमलात यायला १९९७ उजाडलं. आणि खासगी एफएम केंद्रांना आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, द्यायच्या तर आकाशवाणीच्याच द्याव्या लागतात. देशभर रेडिओ आहे आणि बातमीदार नाही!

पण मग बीबीसीला १९८४ ची ती बातमी आधी सांगायचं धैर्य कुठून आलं? रीथ यांचीच संस्था ना? हो. आणि इथे १९५६ सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुएझवर ब्रिटननं हल्ला केला. पंतप्रधान ईडन यांनी ३ नोव्हेंबरला राष्ट्राला उद्देशून भाषण केलं. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षनेते ह्यू गेट्सकेल यांनी उत्तर द्यायला वेळ मागितली. सैनिक रणांगणावर असताना हे होऊ देणं सरकारला सहन होणारं नव्हतं. परदेशी सेवेच्या पैशाला कात्री लावायची भाषा झाली. महासंचालक होते इयान जेकब, माजी सेनाधिकारी, युद्धकाळात चर्चिल यांच्या मंत्रिमंडळ कार्यालयात काम केलेले. बंडखोरीचा लवलेश अंगी नसलेला माणूस. तरी त्याच्या संस्थेनं गेट्सकेलना बोलू दिलं. मॅकडोनाल्डना जे मिळालं नव्हतं ते तीस वर्षांनी गेट्सकेलना त्याच संस्थेत मिळालं.

रीथ यांनी मागे दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एक सनद: संस्था सरकारची नाही, जनतेची. दुसरी सवय: सरकारची मर्जी आधी ओळखा. तीस वर्षं सवय वरचढ होती. १९५६ मध्ये काही माणसांनी सनदेचा कागद बाहेर काढला आणि त्यात लिहिलं आहे तसं वागून पाहिलं. १९६० नंतर महासंचालक ह्यू ग्रीन यांनी तर राजकारण्यांची यथेच्छ टिंगल करणारा कार्यक्रम पडद्यावर आणला. म्हातारे रीथ संतापले, पण संस्था त्यांच्या संतापाला पुरून उरली. संस्थापकाचा स्वभाव म्हणजे ललाटरेषा नव्हे. तो धुऊन काढता येतो. फक्त त्यासाठी संस्थापकानं निदान एक कागद असा ठेवलेला असावा लागतो, ज्याच्या आधारे त्याच्याच विरुद्ध उभं राहता येईल. आकाशवाणीकडे तो कागद नव्हता. तिचं स्वातंत्र्य कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं, मग दाखवणार काय?

हे सगळं आज का काढलं? कारण मराठीत सध्या संस्थापकांचा हंगाम आहे. मोठ्या वृत्तपत्रांतून, वाहिन्यांतून बाहेर पडलेले पत्रकार स्वतःचं चॅनेल काढत आहेत. तीन माणसं, एक कॅमेरा, भाड्याची खोली आणि संस्थापकाचा चेहरा. मला या धडपडीबद्दल खरी आस्था आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पाण्याच्या, पीकविम्याच्या, आश्रमशाळांच्या बातम्या आज यांच्यामुळे दिसतात. पण तिथे काम करणाऱ्या मुलामुलींशी बोललं की काळजी वाटते. सर कुठल्या पक्षाबद्दल हळवे आहेत, मॅडमचा कुणावर राग आहे, हे पहिल्या आठवड्यात पाठ झालेलं असतं. भरती करताना सर विचारतात, आपल्या विचारांचा आहेस ना? चारच माणसांची संस्था, म्हणजे रीथ आले तेव्हा होती तेवढीच. या चारांत तुमच्याशी भांडेल असं एक तरी माणूस घेतलंत का? आणि घेतलं असेल तर त्याला टिकवण्याची तुमची तयारी आहे का? मॅथेसनला आणणं रीथ यांना जमलं होतं, ठेवणं जमलं नाही.

जुन्या मोठ्या वृत्तपत्रांना माझं वेगळं मागणं आहे. दर वर्षी तुमचा वर्धापनदिन होतो. संस्थापकांच्या तसबिरीला हार, मंत्र्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन, वाचकांशी असलेल्या नात्यावर अग्रलेख आणि जाडजूड विशेषांक. त्या अंकात एक पान काढा. वर्षभरात लिहून तयार झालेल्या आणि न छापलेल्या बातम्यांची यादी त्यावर द्या. तीन रकाने करा: वकिलांनी थांबवलेल्या, जाहिरातदाराच्या फोननं थांबलेल्या, आणि कुणीही न सांगता थांबलेल्या. तिसरा रकाना डेस्कवरच्या उपसंपादकांकडून भरून घ्या, त्यांच्या नोकरीची हमी आधी लेखी देऊन. जागेची अडचण सांगू नका. शुभेच्छांच्या जाहिरातींना त्या अंकात पानंच्या पानं निघतात, या एका पानाला ती निघतील.